बर्फातल्या फुलांचे वेड

आज एका अशा फुलाची हकीकत सांगायची आहे, जे आपल्या हवेत जगणारच नाही. त्याचे नाव स्नोड्रॉप. वीतभर उंचीचे झाड, दोन-तीन पाने, खाली मान घालून लोंबणारे एक पांढरे फूल. ऐन जानेवारी-फेब्रुवारीत, जमीन थंडीने गोठलेली असताना ते वर येते. २०२२ साली इंग्लंडमध्ये ‘गोल्डन टिअर्स’ नावाच्या स्नोड्रॉपचा एकच कांदा लिलावात १,८५० पौंडांना गेला. रुपयांत ही रक्कम पावणेदोन लाखांच्या वर जाते. एका कांद्याला! आमच्यासारख्या कारकुनाने हा आकडा दोनदा वाचला, तेव्हा कुठे विश्वास बसला.

एवढे त्यात आहे तरी काय? या फुलाला बाहेरच्या तीन मोठ्या आणि आतल्या तीन आखूड पाकळ्या असतात. आतल्या पाकळ्यांच्या टोकाशी हिरवा ठिपका असतो. बस्स, सारे वेड या ठिपक्याभोवती. कुणाचा ठिपका उलट्या ‘व्ही’सारखा, कुणाचा फुलीसारखा, कुणाच्या बाहेरच्या पाकळ्यांवरही हिरवे उमटलेले. कुणाच्या सहाही पाकळ्या सारख्या आणि ठिपका नाहीच. सर्वांत दुर्मिळ ते पिवळे, म्हणजे ठिपका आणि पाकळ्यांच्या वरची गाठ हिरवी नसून सोनेरी असलेले. निसर्गात याच्या जाती वीसच्या आसपास, पण २००१ साली तिघा तज्ज्ञांनी मिळून लिहिलेल्या ग्रंथात बागेतल्या सुमारे ५०० प्रकारांचे वर्णन आहे, आणि त्यानंतर नावे वाढतच गेली. शास्त्रीय नाव ‘गॅलॅन्थस’. ग्रीक भाषेत गाला म्हणजे दूध, आणि अँथोस म्हणजे फूल. त्यावरून या शौकिनांना ‘गॅलॅन्थोफाईल’ म्हणतात. फेब्रुवारीच्या बोचऱ्या वाऱ्यात, ओल्या गवतावर गुडघे टेकून, बोटाने फुलाची हनुवटी वर करून आत डोकावणारी माणसे तिकडच्या बागांत दिसतात, ती हीच.

आता हिशोबाची गोष्ट. वेगळे फूल सापडले, तर त्याच्या बीपासून तेच फूल येईल याची खात्री नसते. जात टिकवायची तर त्याच कांद्याला फुटलेली पिल्ले वेगळी करावी लागतात. चांगल्या जमिनीत एकाचे वर्षाला दोन होतात असे धरा. चक्रवाढीने दहा वर्षांनी १,०२४ कांदे व्हायला हवेत. पण कागदावरचे व्याज आणि मातीतले व्याज यांत फरक असतो. एखादा प्रकार वर्षानुवर्षे एकाचा दोन होत नाही.

म्हणून जाणकार दुसरी युक्ती करतात. उन्हाळ्यात पाने वाळून कांदा विसावला, की तो स्वच्छ करून धारदार पात्याने उभा चिरतात. आठ, सोळा, कधी त्याहून अधिक फाका. प्रत्येक फाकेला बुडाच्या चकतीचा तुकडा राहिला पाहिजे, कारण नवी गाठ तिथूनच धरते. फाकांना बुरशीनाशक चोळून ओलसर व्हर्मिक्युलाईटमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, अंधारात साधारण वीस अंश उष्णतेत ठेवतात. बारा आठवड्यांनी ज्वारीच्या दाण्याएवढे कांदे दिसू लागतात. पुढे तीन-चार वर्षे सांभाळले, की फूल. हजार रुपयांची वस्तू चाकूने कापायला हात धजावत नाही, तिथे लाखाचा कांदा कापताना काय होत असेल!

या छंदात एका माणसाची गोष्ट मला फार लागली. सॉमरसेट परगण्यातील शेप्टन मॅलेट गावचे जेम्स ॲलन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी निरनिराळ्या जातींच्या बियांपासून शंभराहून अधिक प्रकार तयार केले. १८९१ साली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या स्नोड्रॉप परिषदेत त्यांनी निबंध वाचला. लोक त्यांना स्नोड्रॉपचा राजा म्हणत. आणि त्यांच्याच बागेत करड्या बुरशीचा रोग शिरला. कांद्याच्या आत शिरून गाभा खाणारी नार्सिसस माशीची अळी आली. वर्षानुवर्षांची मेहनत मातीत गेली. ‘मॅग्नेट’, ‘मर्लिन’, ‘रॉबिन हूड’ असे त्यांचे मोजके प्रकार आज जगात आहेत, ते इतरांच्या बागांत पोहोचले होते म्हणून. ‘मॅग्नेट’चा देठ इतका लांब व नाजूक, की वाऱ्याची झुळूक आली तरी फूल डोलू लागते. इंग्लंडच्या अनेक बागांत ते आज मुबलक आहे.

‘एस. अर्नॉट’ची हकीकतही अशीच. स्कॉटलंडमधील डम्फ्रीजजवळच्या मॅक्सवेलटाऊनचे प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्षच म्हणा, सॅम्युएल अर्नॉट यांनी आपल्याकडचे एक फूल ग्लॉस्टरशायरमधील कोल्सबोर्नच्या हेन्री जॉन एल्विस यांना पाठवले. हे एल्विस म्हणजे १८७४ साली तुर्कस्तानात स्मर्नाजवळ मोठ्या फुलाची जात पाहून ती इंग्लंडात आणणारे. त्या जातीला त्यांचेच नाव आहे. अर्नॉटचे फूल कोल्सबोर्नला वाढले, तिथून मित्रांकडे गेले. १९५० च्या दशकात ‘जायंट स्नोड्रॉप कंपनी’ या छोट्याशा धंद्याने ते विकायला काढले आणि घरोघर पोहोचले. ऊन पडले की त्याला मधाचा वास येतो. आज तो अगदी स्वस्तात मिळतो, आणि जाणकारही त्याला उत्तम प्रकारांत गणतात.

एक गोष्ट मात्र खटकते. क्रिमियाच्या युद्धातून आयर्लंडात आलेल्या कांद्यांच्या झुबक्यात, स्ट्रॅफन हाऊसच्या बेडफर्ड नावाच्या माळ्याला एक निराळे, उशिरा फुलणारे फूल दिसले. ते ज्याच्या नजरेने हेरले, त्याचे नाव मागे पडले. फूल ‘स्ट्रॅफन’ झाले, वाड्याचे. केंब्रिजजवळ वँडलबरी येथे पिवळे फूल शोधणाऱ्या रखवालदाराचे नशीब बरे. त्याने फुलाला बायकोचे नाव दिले, ‘वेंडीज गोल्ड’.

पैसा शिरला की मामला बदलतो. २०१२ साली ‘एलिझाबेथ हॅरिसन’चा कांदा ७२५ पौंडांना गेला, २०१५ साली ‘गोल्डन फ्लीस’ १,३९० पौंडांना. ‘गोल्डन फ्लीस’ तयार करायला अठरा वर्षे लागली, हे लक्षात घेतले तर किंमत अन्यायाची वाटत नाही. पण मग चोऱ्याही होतात. काही बागांत किमती कांद्याजवळ नावाची पाटी लावत नाहीत, आणि जी वस्तू पूर्वी शेजाऱ्याला सहज देत, ती कुंपणाआड जाते.

याहून मोठी लूट तुर्कस्तानात झाली. १९८० च्या दशकात तॉरस डोंगरातून खेडूतांकडून रानातले कोट्यवधी कांदे खणून घेतले गेले. ते हॉलंडला जात आणि तिथल्या व्यापाऱ्यांमार्फत युरोपभर विकले जात. घेणाऱ्याला वाटे, हॉलंडच्या शेतातला माल. खणणाऱ्याच्या हाती पडे ती मजुरी. शेवटी १९९० साली साऱ्या स्नोड्रॉप जाती वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे ‘साईट्स’च्या, यादीत आल्या. परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाही. तुर्कस्तान आता दरवर्षी कोटा ठरवतो. १९९० च्या दशकातच दुमलुग्योझे या डोंगरी गावात लोकांनी स्वतःच्या शेतात कांदे लावायला सुरुवात केली. मोठे विकायचे, लहान पुन्हा मातीत. रान ओरबाडण्यापेक्षा हे किती शहाणपणाचे! इंग्रज संग्राहक दुर्बिणीतून ठिपके मोजतात, त्यांनी या गावाचीही वाखाणणी करावी.

जाता जाता औषधाचे. याच कुळातून १९५० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी गॅलँटामाईन वेगळे केले. अल्झायमर या विस्मरणाच्या आजारावर ते २००१ पासून अमेरिकेतही मान्य आहे. म्हणून कुणी कांदा चावू नये. हल्लीचे शास्त्रज्ञ त्याला कांदा-लसणाच्या कुळात घालतात खरे, पण तो विषारी आहे.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले, भाऊ-बहिणी इंग्लंडात नोकरीला आहेत. त्यांना कळवावे, शरद ऋतूत दुकानात मिळणारे सुकलेले कांदे घेऊ नका, पुष्कळदा ते मेलेलेच निघतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये, फूल सरले पण पाने हिरवी आहेत अशा वेळी, शेजारच्या आजीबाईंकडे मागा. ती गड्डा खणून वर्तमानपत्रात गुंडाळून देईल. घरी आल्या आल्या, हिवाळ्यात पाने गळणाऱ्या झाडाखाली, होता तेवढ्याच खोलीवर लावा आणि पाने आपोआप पिवळी पडेपर्यंत कापू नका. तीन-चार वर्षांनी गड्डा दाटला की तो फोडायचा असतो. त्या वेळी एक वाटा पलीकडच्या घरी.