रोप लावल्यानंतरचे तीन उन्हाळे

कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले. बदल्यात हजारो झाडे लावू, असे उत्तर मिळाले. पण ती जगवणार कोण?

याच शहरात सातपूरजवळ वन विभागाच्या जागेवर ५ जून २०१५ रोजी ‘आपलं पर्यावरण’ संस्थेच्या हाकेवर हजारो नागरिकांनी देशी रोपे लावली. तीच आजची नाशिक देवराई. लागवड एका दिवसात झाली. पाणी देणे, गवत काढणे, वणव्यापासून राखण हे काम पुढे वर्षानुवर्षे चालले.

गायरानावर असे करायचे असेल तर कडुनिंब, करंज, ओढ्याकाठी अर्जुन घ्या. (गिरिपुष्प हिरवळीच्या खतासाठी बांधावर उत्तम, पण डोंगरभर तेच नको.) रोप दोन वर्षांचे असावे, जूनच्या चांगल्या पावसानंतर लावावे. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करा, उन्हाळ्याआधी जाळपट्टे काढा. पहिले तीन उन्हाळे पाणी कोण देणार, त्यांची नावे ग्रामसभेत आधी लिहून घ्या. नावे कमी पडली, तर खड्डेही तेवढेच खणा.