विश्लेषण : लेझर, पील की नुसते सनस्क्रीन? मुळशीच्या उन्हात त्वचेसाठी काय निवडावे?

लग्नसराई जवळ आली की हिंजवडी, भूगाव, पिरंगुट या पट्ट्यात ‘ब्रायडल पॅकेज’, ‘लेझर टोनिंग’, ‘ग्लो ड्रिप’ अशा जाहिराती मोबाइलवर दिसू लागतात. आयटी कंपनीत काम करणारी तरुणी असो की पौडहून रोज दुचाकीने कारखान्यात जाणारी कामगार, प्रश्न एकच असतो : यातले नेमके काय करावे? जाहिरातीत यंत्राचे नाव आणि सवलत असते. उपचारानंतर पुढचे काही आठवडे उन्हापासून दूर राहावे लागेल, हे मात्र त्यात क्वचितच लिहिलेले असते. आपल्याकडे निकाल चांगला की वाईट हे बहुतेक वेळा त्यावरच ठरते.

मुळशीतले ऊन इतके महत्त्वाचे का?

मुळशी तालुका साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर येतो. त्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. यालाच आपण शून्य सावली दिवस म्हणतो. सूर्य जितका डोक्यावर तितकी अतिनील किरणे तीव्र. ही तीव्रता मोजणारा यूव्ही निर्देशांक ३ किंवा त्याहून अधिक असेल तर संरक्षण घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ११ च्या पुढची पातळी ‘अतितीव्र’ मानली जाते आणि मे महिन्यातील निरभ्र दुपारी आपल्याकडे ती सहज ओलांडली जाते.

जुलैत ताम्हिणीकडे पाऊस कोसळत असतो, ऊन जाणवत नाही. पण ढग पातळ असले तर बरीच अतिनील किरणे त्यातून खाली येतात. ‘पावसाळा आहे, आता काय ऊन लागणार’ हा समज म्हणूनच अर्धवट खरा आहे.

गहू, सावळ्या वर्णाला वेगळा धोका कोणता?

त्वचेचे वर्गीकरण करणाऱ्या फिट्झपॅट्रिक मोजपट्टीत सहा प्रकार आहेत. बहुसंख्य भारतीय चौथ्या आणि पाचव्या प्रकारात येतात. या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असते. ते उन्हापासून काही प्रमाणात वाचवते, पण त्वचेला इजा झाली की तेच रंगद्रव्य जास्त प्रमाणात तयार होते. मुरूम फोडला, डास चावला, भाजले, तर जखम भरल्यावर काळा डाग महिनोन् महिने राहतो, हा सर्वांचाच अनुभव आहे.

पील, लेझर, मायक्रोनीडलिंग हे उपचारही त्वचेला मोजूनमापून केलेली इजाच असते. त्यावर लगेच ऊन पडले की डाग घालवायला गेलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर नवे डाग येऊ शकतात. वांग असलेल्यांनी अधिक जपावे. वांग केवळ अतिनील किरणांनी नव्हे, तर दृश्य प्रकाशाने आणि उष्णतेनेही वाढू शकतो. तो आटोक्यात ठेवता येतो, पण ‘एका सिटिंगमध्ये कायमचा’ जात नाही.

कोणता उपचार, कोणत्या महिन्यात?

रासायनिक पील : लॅक्टिक, मँडेलिक, सॅलिसिलिक किंवा कमी तीव्रतेचे ग्लायकोलिक अशी वरवरची पील आपल्या त्वचेला तुलनेने मानवतात. खोलवरची पील, विशेषतः फिनॉलची, सावळ्या त्वचेसाठी सहसा टाळली जातात. पील करण्याआधी दोन ते चार आठवडे त्वचा तयार करावी लागते. त्यामुळे पहिल्याच भेटीत पील करून देणाऱ्या ठिकाणी सावध असावे.

केस काढण्याचे लेझर : लेझरचा प्रकाश केसातील रंगद्रव्य शोषून घेते, पण त्वचेतही तेच रंगद्रव्य असते. तरंगलांबी जितकी जास्त तितके त्वचेतील शोषण कमी. म्हणून सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग लेझर सर्वांत सुरक्षित मानले जाते. ‘कोणते लेझर वापरणार?’ हा प्रश्न ग्राहकाने जरूर विचारावा. उन्हाने रापलेल्या त्वचेवर लेझर केल्यास भाजण्याचा धोका वाढतो.

मायक्रोनीडलिंग आणि डागांवरचे लेझर : यानंतर काही दिवस त्वचा लाल आणि हळवी राहते. घाम, हेल्मेट व ओल्या स्कार्फचे घर्षण हेही त्रासदायक ठरते.

यावरून वेळापत्रक असे निघते : मे महिन्यात लग्न असेल तर सुरुवात नोव्हेंबरमध्ये व्हावी आणि जोरकस उपचार फेब्रुवारीपर्यंत संपावेत. एप्रिलमध्ये ‘शेवटचा ग्लो’ म्हणून पील किंवा लेझर करणे हा सर्वांत महागात पडणारा निर्णय ठरू शकतो. तेव्हा सनस्क्रीन, मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी दिलेले औषध एवढेच पुरे.

ज्यांना ऊन टाळताच येत नाही, त्यांनी काय करावे?

भातलावणी करणारी शेतकरी महिला, डिलिव्हरी करणारा तरुण, बांधकामावरचा मजूर यांना ‘दहा दिवस घरात बसा’ हा सल्ला निरुपयोगी आहे. त्यांनी इजा करणारे उपचार न घेणे हाच शहाणपणा. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या आणि पुण्यात मुलींनी रूढ केलेला स्कार्फ-सनकोट हे सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे साधन आहे. कापड घट्ट विणीचे असावे.

सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चे असावे. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर लांब पट्टी येईल इतके घ्यावे आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. सकाळी चिमूटभर लावून दिवस ढकलला तर डब्यावर लिहिलेले संरक्षण मिळत नाही. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन दृश्य प्रकाशही अडवते.

स्वस्तातली ‘गोरे करणारी’ क्रीम आणि ड्रिप सुरक्षित आहेत का?

अकोल्यातील एका कुटुंबाचे प्रकरण २०२३ मध्ये समोर आले. आई आणि दोन मुली एकच क्रीम वापरत होत्या आणि तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा आढळला. पारा मेलॅनिन तयार होण्याची प्रक्रिया रोखतो, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात पोहोचतो.

भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत नकळत मिसळलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये पारा घातलेली सर्वच सौंदर्यप्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरवले. तरीही उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक किंवा घटकांची यादी नसलेल्या डब्या विकल्या जातात. अशी डबी घेऊच नये.

दुसरा धोका स्टिरॉइड मलमांचा. केंद्राने २०१८ मध्ये अशी १४ औषधे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती चेहऱ्याला लावली तर आधी तजेला दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाली येते, मुरूम उठतात आणि क्रीम थांबवताच आग होते. गोरेपणासाठीच्या ग्लुटाथायोन इंजेक्शनबाबत सांगायचे तर अमेरिकेच्या एफडीएने त्वचा उजळवण्यासाठी एकाही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही.

उपचार करणारी व्यक्ती पात्र आहे, हे कसे ओळखावे?

‘स्किन एक्स्पर्ट’, ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ या पाट्यांवरून शिक्षण कळत नाही. एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल ही त्वचारोगाची पदवी-पदविका पाहावी आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासावा. केवळ कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून सौंदर्यशस्त्रक्रिया व केशरोपण करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे.

पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : माझ्या त्वचेचा प्रकार कोणता? लेझर प्रत्यक्ष कोण चालवणार? आधी छोट्या भागावर चाचणी करणार का? काही बिघडले तर मला कोण पाहणार? आणि पाचवा प्रश्न स्वतःला : पुढचे काही आठवडे मी खरोखर ऊन टाळू शकते का? त्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पॅकेज कितीही स्वस्त असो, ते पुढे ढकललेले बरे.