उतारा, कात्री आणि तात्पर्य

लेखकाचें म्हणणें काय, हा वाचनांतला पहिला प्रश्न खरा. पण आमच्या परीक्षांनीं तो इतका स्वस्त करून टाकला आहे कीं, त्याचें उत्तर न वाचतांहि देतां यावें. दादरच्या शिकवणीवर्गांतून आज जो मंत्र दिला जातो तो सर्वश्रुत आहे : उताऱ्याचें पहिलें वाक्य वाचा, शेवटचें वाचा, वारंवार आलेला शब्द हेरा, आणि चार पर्यायांपैकीं ज्यांत तो शब्द असेल त्यावर खूण करा. शिकविणारांना मी दोष देत नाहीं. जशी देवता तसा नैवेद्य. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेंत २०१३ सालीं 'सी-सॅट' या नांवानें ओळखली जाणारी जी प्रश्नपत्रिका आली, तींत २ तासांत ८० प्रश्न सोडवावयाचे, व त्यांतील मोठा भाग उताऱ्यांवरचा. म्हणजे प्रश्नामागें दीड मिनिट. एवढ्या अवधींत जो उमेदवार खरोखरच विचार करीत बसेल, तो मागें पडावयाचा हें ठरलेलेंच !

गंमत अशी कीं, हा मंत्र म्हणजे एका थोर शास्त्राचा झिजलेला तुकडा आहे. ग्रंथाचें तात्पर्य कसें ठरवावें याचीं लक्षणें मीमांसकांनीं घालून दिलीं : उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति. आरंभ व शेवट यांचा मेळ कोठें बसतो, कोणती गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे, नवें असें काय सांगितलें आहे, त्यापासून निष्पन्न काय, कोणता मजकूर केवळ स्तुति वा दृष्टान्त म्हणून आला आहे, आणि कोणती युक्ति कशाच्या सिद्धीसाठीं योजिली आहे, असे हे प्रश्न. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या आरंभींच लोकमान्य टिळकांनीं हीच कसोटी पुढें ठेवली आणि तिच्या बळावर ७०० श्लोकांचें तात्पर्य कर्मयोगपर आहे असें प्रतिपादिलें. ज्यांना तें पटलें नाहीं त्यांनीं वाद घातला. पण वाद घालावयास त्यांनाहि कारणेंच द्यावीं लागलीं. तात्पर्य हें असें कारणांनीं सिद्ध करावयाचें असतें. बोट ठेवून दाखवावयाचें नसतें.

आमच्या मंत्रानें यांतून उपक्रम, उपसंहार व अभ्यास एवढींच लक्षणें उचललीं, आणि विचार करावयास लावणारीं अर्थवाद व उपपत्ति हीं टाकून दिलीं. शिवाय उपक्रम तरी कोणाचा ? प्राश्निक एखाद्या निबंधाच्या पोटांतून परिच्छेद कापून काढतो, तेव्हां त्याचा आरंभ व शेवट लेखकानें ठरविलेला नसतो. तो कात्रीनें ठरविलेला असतो.

त्यांतून मराठी निबंधाची जुनी रीत अशी कीं, आधीं पूर्वपक्ष मांडावा, मग त्याचें खंडन करावें. समजा, कोणी लिहिलें : 'गिरणगांव संपानें बुडालें असें म्हणतात. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या त्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले. संप लांबला, संपामुळें घरेंदारें उद्ध्वस्त झालीं. परंतु जुनाट यंत्रें तशींच ठेवून मालकांनीं या धंद्याकडे पाठ फिरविली होती ती संपाच्या आधींच.' येथें 'संप' पांच वेळां आला आहे, 'मालक' एकदांच. मंत्र जपणारा विद्यार्थी 'संपानें गिरणगांव बुडालें' यावर खूण करून मोकळा होईल. म्हणजे लेखक जें खोडून काढीत आहे तेंच त्याच्या तोंडीं घालील. साऱ्या परिच्छेदाचा भार त्या एका 'परंतु'वर आहे. १९१७ सालीं अमेरिकेंत थॉर्नडाइक यांनीं मुलांच्या उत्तरांतील चुका तपासून हेंच दाखविलें : वाचणें म्हणजे विचार करणें होय, आणि एखाद्या शब्दाला वाजवीहून अधिक वा कमी वजन दिलें म्हणजे अर्थ ढळतो.

लाखों पत्रिका तपासावयाच्या तर पर्यायांवांचून गत्यंतर नाहीं, असें उत्तर मिळेल. स्पर्धापरीक्षांपुरतें तें घटकाभर मान्य करूं. पण शालान्त परीक्षेच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तर माणसेंच तपासतात ना ? २०१९ सालीं दहावीला कृतिपत्रिका आली. तींतहि अपठित उताऱ्यावर चौकटी भरा, आकृति पूर्ण करा, असा शब्दशोधच आहे. उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहावा, ही जी तात्पर्याची खरी परीक्षा, ती पत्रलेखनाला पर्याय म्हणून ठेविली. ज्याला ती नको त्यानें पत्र लिहून सुटावें! 'स्वमत' मात्र आवर्जून विचारतात. पण दुसऱ्याचें मत कळण्यापूर्वीं स्वतःचें मत देण्याची संवय मुलांना आम्हीं कशासाठीं लावावी ?

माझी मागणी साधी आहे. उतारा तोडलेला नसावा. एखादें पत्र, एखादें स्फुट पुरतें द्यावें. सारांश अनिवार्य करावा. आणि त्याखालीं एकच प्रश्न विचारावा : हेंच तात्पर्य कशावरून ? गुण त्या 'कशावरून'ला द्यावे. दोन मुलांचीं उत्तरें निराळीं आलीं तरी बिघडत नाहीं. ज्याला आधार नाहीं तेवढेंच उत्तर चूक.

हा प्रश्न केवळ गुणांचा नव्हे. दादर-परळच्या जुन्या चाळींतून आज पुनर्विकासाचे करारनामे सह्यांसाठीं फिरत असतात. अशा कागदांत नव्या घराचें वर्णन पानभर असावें, तो अर्थवाद. आणि तें घर मिळेपर्यंतचें भाडें किती महिने मिळणार हें एखाद्या 'परंतु'मागें असावें, तें तात्पर्य. आमचीं पदवीधर मुलें तेथेंहि कोणता शब्द अधिक वेळां आला तें मोजूं लागलीं, तर त्यांच्या भरंवशावर सही करणाऱ्या वडीलमाणसांनीं कोणाकडे पाहावें ?