बाई टिकत का नाही?

परवा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्या खडकवासल्याच्या सोसायटीत आम्ही आठ-दहा जणी जमलो होतो. आंबेडाळ छान झाली होती, पन्हंही थंडगार होतं. पण बोलणं मात्र फिरून फिरून एकाच गोष्टीवर येत होतं. कामाची बाई! एकीच्या घरी वर्षात तीन बायका झाल्या. दुसरीची बाई दिवाळीचा बोनस घेऊन गेली ती परत आलीच नाही. "ह्या बायकांना काही किंमतच नाही हो," असा शेवटी निकाल लागला नि आम्ही ओट्या घेऊन घरोघर गेलो.

मैत्रिणींनो, मीही त्या निकालाला मान डोलावली. पण घरी येऊन लुगड्याच्या घड्या घालताना मन काही राहीना. कारण माझ्याही घरून एक बाई गेली होती, आणि ती का गेली हे मला चांगलं ठाऊक आहे. ते पुढं सांगते.

आमचे हे इथल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात नोकरीला होते. वर्षाला आठ किरकोळ रजा, तीस अर्जित रजा, आजारपणाची वेगळी. ताप आला की अर्ज लिहायचा नि पांघरूण घेऊन झोपायचं. त्यांच्या रजेला आमच्या घरी कुणी कधी 'खाडा' म्हटलं नाही! मावशी मात्र लेकराच्या तापासाठी दोन दिवस आल्या नाहीत की कॅलेंडरवर मी फुली मारायची आणि एक तारखेला पैसे कापायची. कापलेले पैसे किती? चिमूटभर. पण ते कापताना त्यांच्या तोंडाकडं मी कधी पाहिलं नाही.

ही तक्रार काही आजची नाही, बरं का. १९८० साली आपल्या पुण्यातच मोलकरणींनी संप केला होता. कुणी पुढारी आला नि त्याने उठवलं, असं झालं नव्हतं. बायकांनी आपण होऊन धुणीभांडी थांबवली. मागणं काय, तर पगार वाढवा आणि आजारपणात पैसे कापू नका. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आज आपण दिवाळीला एक पगार बोनस म्हणून देतो आणि महिन्याच्या सुट्ट्या ठरवून देतो, त्यामागं बायकांचं हे असं झगडणं आहे. आपण मोठ्या मनाने देतो असं आपल्याला उगीच वाटतं!

आता कामाचं बोलू. बाई ठेवताना आपण म्हणतो, "धुणं, भांडी, केर-फरशी." पैसे ठरतात. मग महिन्याभरात त्यात काय काय शिरतं पाहा. "जरा गॅलरी धुऊन टाका." "पाहुणे आलेत, चार भांडी जास्त आहेत." "जाता जाता एवढी मेथी निवडून द्या." एकेक काम पाच मिनिटांचंच असतं खरं, पण तिला पुढं आणखी चार घरं असतात आणि तिथं उशीर झाला की बोलणी तीच खाते. म्हणून काय काय करायचं ते पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. पाहुण्यांच्या भांड्यांचे पैसे त्याच दिवशी हातावर ठेवावेत. पगार पाच तारखेच्या आत द्यावा. "सुटे नाहीत, उद्या या" हे तर अगदी टाळावं. उचल दिली तर वहीत दोघींच्या देखत मांडावी आणि एकदम न कापता दरमहा थोडी थोडी वळती करावी. पगारवाढीचा महिना ठरवून टाकावा. आमच्याकडे पाडव्याला वाढ होते. मावशींना मागावी लागत नाही नि मला नाक मुरडावं लागत नाही.

सुट्टीचं तर आमच्या गावात निराळंच त्रांगडं आहे. पावसाळा लागला की शनिवार-रविवारी धरणावर ही गर्दी लोटते! सिंहगड रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात, आणि चौपाटीवर भाजलेली कणसं नि कांदाभजी खपत असतात. आमच्या आत्ताच्या मावशींच्या जावेची तिथं कणसांची पाटी असते. मावशी रविवारी तिच्या मदतीला जातात आणि चार पैसे गाठीला लावतात. पहिल्या वर्षी मी रागावले, "रविवारीच घरात सगळे असतात नि तुम्ही दांडी मारता!" मग माझ्याच लक्षात आलं की माझ्या रागाने काही त्यांची रविवारची कमाई भरून येणार नाही. आता आषाढ-श्रावणातले सगळे रविवार सुट्टी, बाकीच्या महिन्यांत दोन. रविवारी भांडी हे घासतात. कढईचा तळ काळाच राहतो, पण चालतं.

आणि तो वेगळा कप! कोपऱ्यात उपडा ठेवलेला, कानतुटका. कितीतरी घरांत अजून आहे. बाईने घासलेल्या ताटात आपण जेवायचं आणि आपल्या कपात तिनं चहा प्यायचा नाही, हे कुठलं शास्त्र? चार घरं फिरणाऱ्या बाईला संडासाला जायचं असेल तर तिनं कुठं जावं, हेही कधी विचारून पाहा.

आता ती राहिलेली गोष्ट. कणीक भिजवताना मी अंगठी काढून ठेवली नि ती सापडेना. मी मावशींना चोर म्हटलं नाही. फक्त तीनतीनदा विचारलं, "तुम्ही पाहिलीत का हो?" आणि त्या झाडत असताना कपाटापाशी उभी राहिले. तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. पंधरा दिवसांनी दळणाचा डबा रिकामा केला तर तळाशी अंगठी! मी कोल्हेवाडीला त्यांचं घर शोधत गेले. त्यांनी बसायला चटई टाकली, चहा केला, माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "वहिनी, राग नाही माझा. पण आता तुमच्या घरात केर काढताना माझा हात कापेल." सात वर्षं त्या माझ्याकडे होत्या. पुन्हा आल्या नाहीत.

जाता जाता एक कामाची माहिती. घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कायदा झाला आणि त्याखाली घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. अठरा ते साठ वयाच्या बायकांची त्यात नोंद होते. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करावी. कामाच्या घरचा दाखला तिथं उपयोगी पडतो. पुष्कळ घरी "कशाला उगीच सही करा" म्हणून तो देत नाहीत. मी आमच्या मावशींना तो गेल्या आठवड्यात लिहून दिला. कागदावर 'मालकाचे नाव' अशी ओळ होती. तिथं यांचं नाव घालावं की माझं, यावरून घरात अर्धा तास वाद झाला. शेवटी मावशीच म्हणाल्या, "वहिनी, तुमचंच घाला. बोलणी तर तुमचीच खाते ना मी!"