काकांची वही

मुलुंडला आमच्या शेजारच्या काकांच्या टेबलाच्या खणात एक दोनशेपानी वही असते. बँक, वीजबिल, रेल्वेचे आरक्षण, साऱ्यांचे पासवर्ड तीत. मुलगा त्यांना हसतो. मला मात्र वहीपेक्षा आतल्या खाडाखोडीची काळजी वाटली : ‘गणपती१’ खोडून ‘गणपती२’, तो खोडून ‘गणपती३’.

हा धडा आला अमेरिकेतून. तिथल्या ‘एनआयएसटी’ या सरकारी संस्थेत बिल बर नावाच्या गृहस्थांनी २००३ साली सल्ला दिला, की पासवर्डात चिन्हे घाला आणि तो ठरावीक मुदतीने बदला. जगभरच्या कचेऱ्यांनी तो उचलला. माणसे नवा शब्द शोधत नाहीत, आकडा पुढे सरकवतात, हे कळायला बरीच वर्षे गेली. २०१७ साली संस्थेने मुदतीची सक्ती नको म्हटले. बर यांनीही जाहीर खेद व्यक्त केला. काकांना हे कोण सांगणार?

पासवर्डचा चोर मुलुंडला येत नाही. कुठल्याशा दुकानाच्या संकेतस्थळावरून फुटलेला शब्द तो दूर बसून तुमच्या ई-मेलला, बँकेला लावून बघतो. म्हणून सगळीकडे एकच शब्द पाठ असण्यापेक्षा प्रत्येक ठिकाणचा वेगळा, लांबलचक शब्द वहीत असलेला बरा. एटीएमचा पिन तेवढा तीत नको, आणि पानाचा फोटो मोबाईलमध्ये तर नकोच.

गेल्या पावसाळ्यात काका आठवडाभर रुग्णालयात होते. वीजबिल काकूंनी भरले, ते या वहीवरून. आता शेवटच्या पानावर काकूंच्या अक्षरात एक यादी आहे : कोणत्या खात्याला वारस म्हणून कुणाचे नाव लावले आहे. दोन खात्यांपुढे जागा कोरी आहे.