परीक्षकाची फी

माळा आवरताना मुलाच्या लहानपणीची, बबलगमबरोबर मिळायची ती क्रिकेटपटूंची चित्रं सापडली. नातू म्हणाला, "आजोबा, ही अमेरिकेत ग्रेडिंगला पाठवू या." म्हणजे तिकडे कोपरे, कडा वगैरे पाहून दहापैकी गुण देतात आणि कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात!

मी आयुष्यभर पेपर तपासले, म्हणून सांगतो, ही परीक्षा नव्हे. आपल्या दहावीच्या बोर्डाला कितीही नावं ठेवा, तिथे उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, गुण कुठे कापले ते दिसतं. पीएसए ही तिकडची बडी संस्था, तिच्या डबीवर नुसता आकडा. आणि फी कार्डाच्या किमतीनुसार! चांगले गुण पडून किंमत वरच्या टप्प्यात गेली तर संस्था फरकही मागू शकते. जितके गुण जास्त तितकी परीक्षकाची फी जास्त, असं आमच्या दादरच्या शिक्षकखोलीत कोणी म्हटलं असतं, तर त्याला चहासुद्धा मिळाला नसता.

कडा कापलेल्या कार्डाला गुण नाहीत, हा त्यांचाच नियम. पण १९९१ साली त्यांनी तपासलेलं पहिलंच कार्ड होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं. त्याला ८ गुण दिले. २००७ साली ते २८ लाख डॉलरना विकलं गेलं. २०१३ साली बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं, की कडा मीच कापल्या होत्या!

असो. आमच्या एका चित्रामागे मुलाने पेन्सिलीने मित्राचं नाव लिहिलंय. त्याचे किती गुण जातील, नातू विचारतोय.