जोडकार्ब्युरेटरची बदनामी आणि फेरजोडणीचा क्रम

एकाहून अधिक कार्ब्युरेटर असलेले जुने इंजिन एकदा उघडले की पुन्हा पहिल्यासारखे चालत नाही, अशी समजूत गॅरेजांमध्ये पक्की बसलेली आहे. 'दोन कार्ब्युरेटर म्हणजे दुप्पट डोकेदुखी. एकच बसवा आणि मोकळे व्हा' हा सल्ला नवी मुंबईच्या ऐरोली-रबाळे-दिघा पट्ट्यात जितक्या सहज मिळतो तितक्याच सहज पुण्यात किंवा कोल्हापुरातही मिळतो. सल्ला देणारे बहुधा अनुभवी असतात आणि त्यांचा हेतूही चांगला असतो. तरी सल्ला चुकीचा आहे. असे इंजिन बिघडते त्याचे कारण कार्ब्युरेटरच्या संख्येत सहसा नसते. ते परत बसवताना कामांचा क्रम उलटा लागतो, हे खरे कारण असते.

या वादाचे मूळ अमेरिकेतल्या मसल कारांत आहे. पाँटियाकच्या १९६४च्या जीटीओमध्ये ३८९ घनइंचांच्या व्ही-८ इंजिनावर तीन कार्ब्युरेटरांची 'ट्राय-पॉवर' जोडणी मिळत असे. क्रायस्लरच्या ४२६ हेमीवर चार-चार नळ्यांचे दोन कार्टर कार्ब्युरेटर होते, तर १९६९च्या ४४० 'सिक्स पॅक' इंजिनावर दोन-दोन नळ्यांचे तीन होली. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर अशा गाड्या क्वचितच दिसतात. इथला खरा जोडकार्ब्युरेटर म्हणजे एस्कॉर्ट्सने १९८३पासून बनवलेली यामाहा-राजदूत ३५०, सगळ्यांच्या तोंडची 'आरडी'. ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र मिकुनी कार्ब्युरेटर. एकच कार्ब्युरेटर लावण्याचा सल्ला सर्वाधिक वेळा हिच्याच मालकांना दिला जातो.

विरोधी पक्षाचा सर्वांत जोरकस मुद्दा आधी मान्य करायला हवा. डेट्रॉइटनेच बहुकार्ब्युरेटर सोडून दिले. कॉर्व्हेटसारखे अपवाद वगळता जनरल मोटर्सने १९६६नंतर ते बंद केले. क्रायस्लरच्या ४४० इंजिनाची जाहीर ताकद एका चार-नळी कार्ब्युरेटरवर ३७५ अश्वशक्ती होती आणि तीन कार्ब्युरेटरांवर ३९०. पंधरा अश्वशक्तीसाठी दोन जादा कार्ब्युरेटर सांभाळायचे का, हा प्रश्न व्ही-८च्या बाबतीत रास्त आहे. तिथे सगळे सिलिंडर एकाच सामाईक मॅनिफोल्डमधून मिश्रण ओढतात, त्यामुळे वर एक तोंड आहे की तीन, याने इंजिनाची मूळ रचना बदलत नाही. शिवाय सिक्स पॅकमध्ये रोजचे चालणे एकट्या मधल्या कार्ब्युरेटरवर होते. बाजूचे दोन जोर मागितल्यावरच उघडतात, आणि तेही निर्वाताच्या पडद्याने.

आरडीला मात्र हा युक्तिवाद लागूच होत नाही. तिला सामाईक मॅनिफोल्ड नाही. डाव्या कार्ब्युरेटरचे मिश्रण रीड व्हॉल्व्हमधून डाव्या क्रँककेसमध्ये जाते, उजव्याचे उजव्यात. दोन्ही कप्पे एकमेकांपासून सीलबंद. दोन पिस्टन १८० अंशांच्या फरकाने चालतात. एका क्रँकवर बांधलेली ही दोन स्वतंत्र इंजिने आहेत. त्यांना एकच कार्ब्युरेटर द्यायचा तर दोन फाट्यांची नळी बनवावी लागते. त्या नळीत वाट लांबते, कमी वेगात पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून राहतात आणि एका सिलिंडरची ओढ दुसऱ्याच्या वाट्यात ढवळाढवळ करते. परिणामी एक प्लग काळा आणि दुसरा पांढरा दिसतो. ज्या असमानतेला घाबरून दुसरा कार्ब्युरेटर काढला, तीच असमानता कायमची बसते आणि ती दुरुस्त करायला दुसरा स्क्रूही उरत नाही.

एका कार्ब्युरेटरने मायलेज वाढते, हा दावाही कारखान्याच्याच निर्णयापुढे टिकत नाही. जपानी आरडी ३५० सुमारे ३९ अश्वशक्तीची होती. इथली 'हाय टॉर्क' ३०.५ची निघाली आणि पेट्रोल वाचावे म्हणून पुढे आलेली 'लो टॉर्क' २७ची. काटकसरीसाठी ताकद कमी करणाऱ्या निर्मात्यानेही दुसरा कार्ब्युरेटर काढला नाही. कायद्याची बाजूही आहे. २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात हवे. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. पहिल्या राजदूत ३५० गाड्या २०३३मध्ये पन्नाशीला पोहोचतील. आज भंगारात टाकलेला मिकुनी त्या वेळी शोधूनही सापडणार नाही.

इथवर खंडन झाले, आता मंडन. फेरजोडणीची सुरुवात कार्ब्युरेटरपासून करू नये, तो ज्यावर बसतो त्या जागेपासून करावी. इथेच बहुतेक काम फसते. कार्ब्युरेटर आणि रीड ब्लॉक यांच्यामधला रबरी जोड चाळीस वर्षांत कडक होतो आणि आतून भेगाळतो. भेग बाहेरून दिसतेच असे नाही. जोड काढून हाताने वाकवून पाहावा लागतो. भेगेतून इंजिन हवा घेते, त्या बाजूचे मिश्रण पातळ होते, गाडी मिसिंग मारते. मग हवेचा स्क्रू आत फिरवून मिश्रण जाड केले जाते. स्लो रेसवर दोष झाकला जातो. वरच्या वेगात ती भेग तशीच हवा ओढत राहते आणि पिस्टन जाम होतो. 'आधी स्क्रू जुळवा, मग पाहू' ही पद्धत म्हणूनच घातक आहे. भेगेवर सिलिकॉनचा लेप देणेही तितकेच चूक आहे, कारण पेट्रोलने तो फुगतो आणि सुटलेला तुकडा रीडच्या पाकळीत अडकतो. जोड नवा घ्यावा, दोन्ही बाजूंचा एकाच वेळी घ्यावा. रीड ब्लॉकची बैठक सपाट पट्टीवर तपासावी. वाकली असेल तर ती घासून सपाट करण्याची सोय ऐरोलीत दारातच आहे, कारण ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीत लहान मशीन शॉप भरपूर आहेत. बोल्ट तिरप्या जोड्यांनी, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. शेवटी इनटेक आणि सायलेन्सरची तोंडे बंद करून हातपंपाने सुमारे सहा पीएसआय दाब द्यावा आणि काटा काही मिनिटे स्थिर राहतो का, ते पाहावे. काटा उतरला तर गळती क्रँकच्या सीलमध्येही असू शकते, आणि ती सापडेपर्यंत कार्ब्युरेटरला हात लावण्यात अर्थ नाही.

दोन्ही कार्ब्युरेटर एकाच ताटात उघडणे ही दुसरी मोठी चूक. जेट, निडल, स्लाइड, फ्लोट हे सगळे ज्या बाजूचे त्या बाजूलाच ठेवावे. बाहेरून सारखे दिसणारे दोन जेट चाळीस वर्षांत तारेने कोरून कोरून वेगवेगळ्या मापाचे झालेले असतात; म्हणून आकडा वाचून समाधान मानू नये, संशय आला तर दोन्ही नवे घालावेत. निडलची क्लिप दोन्हीकडे एकाच खाचेत हवी. स्लाइडची कापलेली कड एअर फिल्टरच्या बाजूला यावी. ती उलटी बसली तर स्लाइड पूर्ण खाली येत नाही आणि पहिल्याच किकला इंजिन भलत्या वेगाने रेस घेते. फ्लोटची उंची दोन्हीकडे मोजून सारखी करावी. त्यानंतर एक साधी गोष्ट हमखास विसरली जाते. मिकुनी रबरी जोडात गोल बसतो, त्यामुळे तो थोडा तिरपाही आवळला जाऊ शकतो. एक सरळ आणि एक कललेला असला की फ्लोटची मापे कितीही नेमकी असली तरी दोन भांड्यांतील पेट्रोलची पातळी वेगळी राहते. क्लॅम्प आवळण्यापूर्वी मागे उभे राहून दोन्ही कार्ब्युरेटर ओळंब्यात आहेत का ते पाहावे. चोकसाठी दोघांना जोडणारी बारीक नळीही याच वेळी बसवावी; ती राहिली तर तिथूनही हवा शिरते.

यानंतर येते स्लाइडची जुळणी, आणि 'कान तयार असला की यंत्र लागत नाही' हा दावा इथे येऊन आदळतो. कान निरुपयोगी मुळीच नाही. जॅग्वारवरचे दोन एसयू कार्ब्युरेटर जुळवताना जुने मेस्त्री रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरत, आणि हवेच्या सूं-सूं आवाजावरून फरक ओळखत. पद्धत अचूक होती, कारण त्यात प्रत्येक कार्ब्युरेटर वेगळा ऐकला जाई. गाडीशेजारी उभे राहून सायलेन्सरचा एकत्र आवाज ऐकणे ही वेगळी गोष्ट आहे. त्या आवाजात दोन सिलिंडरांची बेरीज असते. एक कमी आणि दुसरा जास्त असला तरी बेरीज तीच राहते. अशा ऐकण्यावर जुळवलेली आरडी गॅरेजमध्ये गोड चालते आणि दुसऱ्या दिवशी ऐरोली-मुलुंड पुलावर अडखळते.

काम इंजिन बंद असतानाच, डोळ्याने करता येते. एकाच मापाच्या दोन ड्रिल बिटांचे गुळगुळीत दांडे एकेका स्लाइडखाली ठेवावेत आणि मूठ अगदी हळू फिरवावी. दोन्ही दांडे एकाच क्षणी सैल झाले पाहिजेत. एक आधी सुटला तर त्या बाजूची केबल ताणलेली आहे; ॲडजस्टर फिरवून लॉकनट आवळावा आणि पुन्हा पाहावे, कारण लॉकनट आवळताना ॲडजस्टर किंचित सरकतोच. ही बारीक पारख सुरुवातीच्या उघडझापेत सर्वांत महत्त्वाची असते. स्लाइड जेमतेम उचललेली असताना एका मिलिमीटरच्या फरकाने हवेचे प्रमाण फार बदलते; पूर्ण उघड्या मुठीला तोच फरक नगण्य होतो. शहरातले चालवणे जवळजवळ सगळे त्या पहिल्या पाव मुठीत असते.

कार्ब्युरेटरच्या जुळणीत मिश्रणाचे स्क्रू सगळ्यात शेवटी. दोन्ही अलगद आत टेकवून सारखेच, सुमारे दीड फेरा, बाहेर काढावेत आणि इंजिन गरम झाल्यावर प्रत्येक बाजू स्वतंत्र तपासावी. दुसऱ्या सिलिंडरचा प्लग काढून, टोपीत घालून बॉडीला टेकवून ठेवावा, म्हणजे कॉइलला धोका राहत नाही. निघालेल्या प्लगच्या भोकातून मिश्रणाचा फवारा येतो, म्हणून टेकवलेला प्लग त्या भोकापासून दूर ठेवावा. दोन्ही बाजूंना सारखी गती येईल तिथे थांबावे. अमेरिकी पुस्तके वाचून काम करणाऱ्यांची इथे फसगत होते. होली किंवा कार्टरवरचा स्क्रू पेट्रोलमिश्रित हवा नियंत्रित करतो, बाहेर काढला की मिश्रण जाड होते. मिकुनीवरचा स्क्रू हवेचा आहे. तो बाहेर काढला की मिश्रण पातळ होते.

मुठीची एकच केबल पुढे फुटून दोन कार्ब्युरेटरांना आणि ऑटोल्यूबच्या ऑइल पंपाला जाते. कार्ब्युरेटरच्या केबली हलल्या की पंपाची खूणही हलते. त्यामुळे पंप नेहमी कार्ब्युरेटरांनंतर जुळवावा. हा क्रम उलटल्यामुळे सीझ झालेल्या इंजिनांचा दोष पुढे दोन कार्ब्युरेटरांच्याच माथी मारला जातो.

जेट बदलण्याच्या उत्साहालाही आवर हवा. घाटात जाण्यासाठी जेट बदलायला हवेत, असे सांगणारे पुष्कळ आहेत. हिशेब वेगळे सांगतो. कार्ब्युरेटरमधले मिश्रण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात जाड होते. ऐरोली समुद्रसपाटीला, सुमारे ६२० मीटरवरच्या लोणावळ्यात मिश्रण जेमतेम तीन टक्के जाड होते, सुमारे १,३७० मीटरवरच्या महाबळेश्वरी सातेक टक्के. लोणावळ्यासाठी जेटला हात लावायचे कारण नाही. खरा बदल पंपावर झाला आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ पट. जुन्याच जेटमधून आता गरजेपेक्षा आठ-नऊ टक्के कमी पेट्रोल मिळते, आणि पातळ मिश्रण टू-स्ट्रोकला भोवते. म्हणून आजच्या ई-२० पेट्रोलवर मेन जेट एखादी पायरी मोठा करणे समर्थनीय आहे, मात्र दोन्हीकडे एकदमच आणि प्लगचा रंग पाहून. तो रंग पाहण्यासाठी ठाणे-बेलापूर रस्त्यावर पूर्ण मुठीने गाडी पळवण्याचे कारण नाही. त्या वाहतुकीत ते जिवावर बेतेल. मोकळ्या चढावर थोडे अंतर पूर्ण मुठीने चढून लगेच इंजिन बंद करून पाहिलेला प्लग पुरेसे सांगतो.

इथेनॉल ओलावा ओढते, आणि ठाणे खाडीच्या काठी पावसाळाभर हवेत त्याला तोटा नसतो. उभ्या गाडीच्या जस्त-मिश्रधातूच्या भांड्यात पांढरी पूड धरते. तिचा एक कण एका बाजूच्या पायलट जेटमध्ये अडकला की सगळी जुळणी वाया जाते. गाडी दोन आठवड्यांहून अधिक काळ उभी राहणार असेल तर कॉक बंद करून दोन्ही भांडी तळाच्या स्क्रूने रिकामी करावीत, आणि पुन्हा काढताना ताजे पेट्रोल भरून स्लाइडची जुळणी ड्रिल बिटाने एकदा तपासून घ्यावी.